घंटेमागची झडप

मालनबाईंना त्या घंटेचा पहिल्या दिवसापासून राग होता.

घोडेगावच्या अलीकडं, हायवे सोडून आत वळणाऱ्या रस्त्यावर शेतकऱ्यांच्या कंपनीनं कापसाच्या गठाणी ठेवायला मोठं गोदाम बांधलं, तेव्हा त्याची मागची भिंत मालनबाईंच्या गोठ्याला जवळजवळ चिकटूनच आली. भिंतीचं त्यांना काही नव्हतं. उलट दुपारनंतर गोठ्यावर सावली पडायची, म्हणून त्या खूशच होत्या. पण भिंतीवर बाहेरच्या अंगाला तांबड्या रंगाची, परातीएवढी घंटा बसवलेली होती. तिला ना वायर, ना बटण. भिंतीतून आलेल्या नळीतलं पाणी आतलं एक चाक फिरवायचं आणि ते चाक घंटेवर टोले हाणायचं. गोदामाच्या छताला नळांचं जाळं होतं आणि नळांना ठिकठिकाणी बारीक तोंडं. आग लागली की वरचं तोंड उष्णतेनं फुटतं, पाणी सुटतं, आणि पाणी सुटलं की घंटा वाजते, एवढं वॉचमन छगननं त्यांना समजावून सांगितलं होतं.

"म्हंजे कांद्याला लावत्यात तसलं स्प्रिंकलर?" मालनबाईंनी विचारलं होतं.

"तसलंच वहिनी. पन उलटं टांगलेलं."

आग लागल्यावर वाजली असती तर मालनबाईंची तक्रार नव्हती. पण ही घंटा आगीबिगर वाजायची. गावची लाईट गेली आणि परत आली की पंप धाडकन सुरू व्हायचा, नळातलं पाणी उसळी घ्यायचं आणि घंटा खणखणायला लागायची. त्यात त्यांची चांदी नावाची म्हैस नुकतीच व्यालेली. कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद, अंगानं हत्तीण आणि मनानं सशाहून भित्री. घंटा वाजली की ती दाव्याला हिसडे द्यायची आणि पान्हा चोरायची. एकदा तर तिनं भरली बादली लाथाडली. त्या दिवशी मालनबाई पदर खोचून थेट गोदामाच्या गेटावर गेल्या.

"छगन, आग न्हाई, धूर न्हाई, आन ही बया बोंबलतीया कशापायी? माझी म्हस आटली तर तू दूध देनार हायस का?"

छगन मऊ स्वभावाचा माणूस. मालनबाईंचे यजमान पुंजाराम आणि तो एका आळीत वाढलेले. त्यानं घंटेकडं जाणाऱ्या नळीवरचा एक छोटा कॉक फिरवून बंद केला. घंटा गप्प झाली. गोदामाचे मॅनेजर आप्पासाहेब, त्यांच्याही कानावर ते गेलं. त्यांनाही रोजची कटकट नकोच होती. दिवाळी गेली, कापसाचा हंगाम भरात आला, गठाणींच्या थप्प्या छताकडं चढत गेल्या आणि घंटा मुकीच राहिली. मालनबाईंना तर तिचा विसरच पडला.

थंडी चांगली पडली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळची धार काढायला त्या चांदीच्या कासेला बसल्या होत्या, नुकता पान्हा सुटला होता, आणि भिंतीवर एकाएकी खण् खण् खण् सुरू झालं. चांदी उभ्या जागी नाचली. बादली एकीकडं, मालनबाई एकीकडं. तशाच दुधानं भरलेल्या हातांनी त्या तरातरा निघाल्या आणि गोदामाच्या कडेच्या छोट्या खोलीत घुसल्या. खोलीत माणसाच्या छातीएवढा उंच, तांबड्या रंगाचा लोखंडी नळ जमिनीतून वर आलेला, त्याच्या पोटावर झाकण, आजूबाजूला घड्याळासारखी मापं. आणि त्याच्यापुढं निळा कोट घातलेली, तिशीच्या आसपासची एक बाई उकिडवी बसलेली. शेजारी छगन.

"कोन वाजवतंय ते?" मालनबाई गरजल्या.

त्या बाईनं आधी नळाजवळचा चाचणीचा कॉक फिरवून घंटा थांबवली. मग फडक्याला हात पुसत उठून उभी राहिली. मालनबाईंचे हात, ओला पदर, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं.

"मावशी, धार चालू हुती का? माझंच चुकलं. भिंतीपल्याड गोठा हाय, मी आधी येऊन इचारायला पायजे हुतं. लई सांडलं का दूध?"

भांडायला आलेल्या माणसाला समोरून असं कुणी बोललं की भांडण पुढं सरकत नाही. मालनबाईंचं तसंच झालं.

"सांडलं थोडं," त्या म्हणाल्या. "पन तू कोन?"

"मी ज्ञानेश्वरी. नगरहून आलेय. ही आगीची सगळी यंत्रणा तपासायचं काम आमच्याकडं असतं." मग ती छगनकडं वळली. "घंटेच्या नळीवरचा कॉक बंद कुणी केल्ता?"

छगन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"मी करायला लावला," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या म्हशीपायी. त्याला नको बोलू."

मालनबाईंना वाटलं, आता ही वरच्यांना फोन लावणार. पण ज्ञानेश्वरीनं मान हलवली, जणू एखाद्या डॉक्टरला दुखणं सापडावं. "उगीच वाजनारी घंटा कुनीबी बंदच करनार. ती उगीच वाजू नये हे बघायचं काम आमचं. ते नीट झालं न्हाई म्हनून तुम्हाला तरास झाला. चला, आधी तेच बघू."

नळीच्या वाटेवर एक लोखंडी डबा होता. पंप सुरू झाला की पाण्याला जो क्षणभराचा झटका बसतो, तो त्या डब्यानं गिळायचा आणि बुडाच्या बारीक भोकातून हळूच सोडून द्यायचा, अशी त्याची रचना. पाणी खरोखरच वाहत राहिलं तरच डबा भरून पुढं घंटेकडं जायचं. ज्ञानेश्वरीनं बुडाचा जोड खोलला. भोक पांढऱ्या किटणानं पार बुजलेलं.

"बोअरचं पानी जड हाय तुमचं," ती म्हणाली. "डबा आधीच तुंबलेला, मग परत्येक झटका सरळ घंटेवर. म्हस काय, मीसुदिक बिथरले असते."

भोक मोकळं केल्यावर ती म्हणाली, "आता म्हशीशी ओळख करून द्या."

मालनबाईंना हे नवीनच. पण ज्ञानेश्वरी खरंच गोठ्यात आली. चांदीच्या समोरून न जाता बाजूनं गेली, आधी हात हुंगू दिला, मग गळ्याखालची पोळी खाजवली. तिथंच मालनबाईंनी ओळखलं, ही जनावरांत वाढलेली. मग ज्ञानेश्वरीनं छगनला चाचणीच्या कॉकपाशी उभं केलं आणि फोनवरून सांगत राहिली, "अगदी जरासा सोड. अजून कमी." चाक सावकाश फिरलं. टण्... मग बऱ्याच वेळानं दुसरा टण्. चांदीचे कान ताठ झाले. मालनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून पेंडेची पाटी पुढं सरकवली. टण्. टण्. हळूहळू टोले जवळ आले. चांदी एकदा थरथरली, नाकपुड्या फुगवल्या, आणि शेवटी पेंडेत तोंड घालून राहिली.

"एका दिसात न्हाई व्हनार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पन मी दरवेळी वाजवायच्या आधी तुम्हाला फोन करीन. तुमची धार झाल्याबिगर हात लावनार न्हाई."

इतक्यात आप्पासाहेब मोटारीतून उतरले. त्यांनी घंटा ऐकली होती. "वाजतीया ना? झ्याक वाजतीया. मग झालं की काम. बाहेर ट्रक लागलाय, गठाणी भरायच्यात."

"झालं न्हाई अजून," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ही मी चाचणीचा कॉक सोडून वाजवली. आग लागल्यावर कॉक सोडायला कोन येनार हाय? आता पार शेवटच्या टोकाचं पानी सोडून बघते."

गोदामाच्या लांबच्या कोपऱ्यात, नळ जिथं संपतो तिथं एक तपासणीचा नळ बाहेर काढलेला होता. एक तोंड फुटल्यावर जेवढं पाणी जाईल तेवढंच त्यातून जायचं. छगननं तो सोडला. पाणी जोरात बाहेर पडायला लागलं. ज्ञानेश्वरी घंटेखाली उभी राहिली. मालनबाईही तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, का ते त्यांनाच कळेना. पाणी वाहत होतं. खालचं शेत भिजायला लागलं. घंटा वाजेना.

आप्पासाहेब म्हणाले, "वाजंल. नळ लांबचा हाय."

ज्ञानेश्वरी घंटेकडं बघत होती. तिचा चेहरा मालनबाईंना ओळखीचा वाटला. अडलेल्या म्हशीच्या पोटाला हात लावून जनावरांचा डॉक्टर गप्प होतो, तसा तो चेहरा झाला होता.

"बंद कर रे छगनदादा," ती शेवटी म्हणाली. "खोलीतला व्हॉल्व्ह खोलावा लागंल."

मग आप्पासाहेबांची आणि तिची बोलाचाली झाली. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. गोदामातला कापूस गावोगावच्या शेतकऱ्यांचा, वेळेत गेला तर भाव, नाहीतर बोलणी, हे ओझं त्यांच्या डोक्यावर. "खोलायचं तर पुढच्या आठवड्यात खोल," ते म्हणाले. "एवढे दिवस काय झालं का?"

"साहेब, आत्ता आग लागली तर पानी पडंल, पन कुनाला कळनार न्हाई. हे मला म्हाईत झालंय. म्हाईत झाल्यावर मी गाडीला किक मारून जाऊ कशी?" आवाज न चढवता ती बोलत होती. "आन खोलल्यावर वरचे नळ रिकामे व्हत्यात. तेवढा वेळ गोदाम उघडं पडतं. म्हनून ट्रक गेटाबाहेर, भरनं बंद, बिडीकाडी बंद. चार मानसं आत आग इझवायची नळकांडी घेऊन उभी ऱ्हातील, माझं झाकन बसंपर्यंत. गोदाम माझ्या हवाली असताना एक गठान जळाली तर मी तोंड कुठं दाखवू?"

आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि ड्रायव्हरला ट्रक मागं घ्यायला सांगितलं. पहाऱ्याला तीन हमाल मिळाले. चौथं कोण, म्हणून इकडंतिकडं बघेपर्यंत मालनबाई नळकांडं उचलून आत जाऊन उभ्यासुद्धा राहिल्या होत्या. पण थोड्या वेळानं त्यांना राहवेना. पुंजाराम शेतातून आले, त्यांच्या हातात नळकांडं देऊन त्या खोलीत आल्या.

पाणी काढून झालं होतं. छगन आणि ज्ञानेश्वरीनं मिळून बोल्ट ढिले केले, झाकण उतरवलं. नळाच्या पोटात ताटलीएवढी एक जड झडप बिजागरीवर आडवी बसलेली होती.

"हे तर आमच्या हिरीतल्या पंपाच्या फुटवालावानी हाय," मालनबाई वाकून बघत म्हणाल्या.

ज्ञानेश्वरी खुलली. "बराबर बोललात मावशी! तोच भाऊ त्याचा. पानी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं न्हाई. फकस्त ह्याला एक जादा काम दिलंय. हे बघा." तिनं झडप उचलली. खाली पितळेची गोल बैठक होती आणि तिच्या कडेनं एक खाच. खाचेत बारीक भोकं असायला हवी होती, पण ती दिसतच नव्हती. पांढऱ्या थरानं सारवून टाकल्यासारखी झाली होती. "वर पानी वाहिलं की झडप उचलती. उचलली की ह्या भोकांतून पानी घंटेकडं जातं. भोकंच बुजली, मंग घंटेला सांगनार कोन? चाचणीचा कॉक सोडला की पानी दुसऱ्या वाटंनं जातं, म्हनून मघाशी वाजली. नळीवरच्या बंद कॉकामागं पानी नुसतं उभं ऱ्हायलं, तेवढ्या दिसांत हे किटन धरलं."

 कुणी बोट दाखवलं नव्हतं, पण तो कॉक कुणापायी बंद होता ते मालनबाईंना उभ्या जागी कळलं.

ज्ञानेश्वरी पेटीत काहीतरी शोधत होती. "लोखंडी तार नको. बैठकीला चरा पडला तर झडप कायमची गळंल."

"बाभळीचा काटा चालंल?" मालनबाईंनी विचारलं. "वाळलेला. पायातलं कुरूप काढायला ठेवलेले हायेत."

"आना की."

मालनबाईंनी काटे आणले, आणि वर वाटीभर चिंचही कोळून आणली. पितळेचं भांडं चिंचेनं निघतं, तर ही बैठक का निघू नये? ज्ञानेश्वरीनं काटे घेतले, चिंचेची वाटी मात्र हसून बाजूला ठेवली. "ही आंबट रबरावर गेली आन मी नीट धुतली न्हाई, तर? जे मला पक्कं ठावं न्हाई ते मी ह्याच्या पोटात घालनार न्हाई. चिंचेचं सार करा, मी जेवायला येते."

मग ती पोटावर पालथी पडून, मोबाईलची बॅटरी दातात धरून, एकेक भोक काट्यानं कोरत राहिली. मालनबाईंनी आयुष्यात खूप कामं केली होती आणि खूप माणसांना काम करताना पाहिलं होतं. मन लावून करणारा आणि उरकणारा, हा फरक त्यांना लांबून चालण्यावरून कळायचा. ही पोरगी भोक मोकळं झालं की फुंकर मारायची, बोटानं चाचपायची, मग पुन्हा त्याच भोकात काटा घालायची. झडपेचं रबर तिनं असं दाबून, वाकवून, उजेडाला धरून पाहिलं, की मालनबाईंना बाजारात म्हशीचे दात पाहणारा पुंजाराम आठवला. रबराला एका जागी खडा रुतून खळी पडली होती. तिनं पेटीतलं नवं काढून बसवलं. छगन म्हणाला, "एवढ्याशानं काय व्हतंय?" ती म्हणाली, "एवढ्याशानंच व्हतंय, दादा."

झाकण बसलं. पाणी तिनं एकदम सोडलं नाही. नळातली हवा वर फुसफुसत निघून जाईस्तोवर सावकाश भरू दिलं. मग छगन पुन्हा लांबच्या कोपऱ्यात गेला. सगळे घंटेखाली जमले, आप्पासाहेबही. पाणी सुटल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही.  आणि मग खण् खण् खण् खण्, अशी घंटा सुरू झाली की भिंतीवरचे पारवे उडाले. ज्या आवाजाला त्यांनी एवढ्या शिव्या घातल्या होत्या, तो ऐकून मालनबाईंना इतकं बरं वाटलं, की त्या एकट्याच हसायला लागल्या.

जेवताना ज्ञानेश्वरी आपलं सांगत होती. शेवगावच्या पलीकडं, पाथर्डीच्या अंगाला तिचं गाव. आईबाप ऊसतोडीला जायचे, तिचं लहानपण कारखान्यांच्या आसपास, पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत गेलेलं. एका वर्षी पाचटाला आग लागून कोप्यांची रांग जळाली. माणसं उसाच्या फडात होती, कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा भांडीकुंडी, धान्य, सगळं गेलेलं. "मानसं वाचली आमची," ती भाकरी मोडत म्हणाली. "पन आई सारखी म्हनायची, कुनी नुसती हाळी दिली असती तर धावलो असतो. ते डोक्यात बसलं. पुढं आयटीआयला फिटर झाले आन ह्या कामाची माहिती कळली, तवा म्हनलं, हेच करायचं. हाळी देनारं काम हाय हे."

जाण्याआधी तिनं मालनबाईंना घंटेखाली उभं करून समजावलं. तुटक वाजून थांबली तर छगनला सांगायचं. सलग वाजत राहिली तर आत पाणी पडतंय असं धरायचं, गेट उघडायला लावायचं, आगीच्या गाडीला फोन. "आन मावशी, एक ध्यानात ठेवा. धूर कमी झाला म्हनून कुनी पानी बंद करायला आलं, तर करू द्यायचं न्हाई. गाडीवाल्यांनी आत जाऊन बघितल्याबिगर न्हाई."

"मला कोन इचारतंय?" मालनबाई म्हणाल्या.

"मी इचारते की," ती म्हणाली आणि गाडीला किक मारली.

थंडी सरली, होळी झाली, उन्हं तापली. ज्ञानेश्वरी मध्ये येऊन गेली. शब्दाप्रमाणं आधी फोन आला, धार आटोपल्यावरच घंटा वाजली.

चैत्रातला शुक्रवार होता. घोडेगावचा बाजार, त्यामुळं आळीत चिटपाखरू नव्हतं. पुंजारामही वासरू बघायला गेले होते. लाईट सकाळपासून गेलेली. मालनबाई गोठ्यात शेण भरत होत्या आणि भिंतीवर घंटा वाजायला लागली.

त्या थांबल्या. घंटा थांबली नाही.

पाटी टाकून त्या भिंतीला वळसा घालून गेटाकडं धावल्या. छगन लिंबाखाली खाटेवर पडला होता. "लाईट आली आसंल वहिनी," तो जांभई देत म्हणाला.

"आरं कशाची लाईट! सकाळधरनं लाईट न्हाईच. ऊठ!"

छगन ताडकन उठला. त्याच वेळी लाईट नसताना चालणारा डिझेलचा पंप आपोआप धडधडायला लागला. दोघांनी मिळून दार सरकवलं. मागच्या रांगेत, छताला टेकलेल्या थप्पीवरून काळा धूर उसळत होता आणि वरच्या दोन तोंडांतून पावसासारखं पाणी त्याच्यावर कोसळत होतं. जाळ वर यायचा, पाण्याखाली दबायचा, पुन्हा यायचा. मालनबाईंनी छगनला आत पाऊल टाकू दिलं नाही. त्यानं साखर कारखान्याच्या आगीच्या गाडीला फोन लावला, मालनबाईंनी ज्ञानेश्वरीला.

ज्ञानेश्वरी सुप्याला होती. "निघाले," एवढंच म्हणाली. "फोन चालू ठेवा."

गाडी यायच्या आधी आप्पासाहेब बाजारातून आले. तोवर जाळ दिसेनासा झाला होता, पांढरी वाफ तेवढी निघत होती आणि पाणी मात्र कोसळतच होतं. बाजूच्या थप्प्या भिजत होत्या. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इझली की! आता पानी बंद करा, न्हाईतर उरलेला मालबी जाईल. जा छगन, खोलीतलं मोठं चाक फिरव!"

छगन खोलीकडं निघाला. मालनबाई त्याच्या आधी दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, साहेब सांगत्यात."

"साहेबांचं खरं हाय. पन तिनं सांगितल्याबिगर मी हलनार न्हाई."

"मालनबाई, लोकांचा कापूस हाय ह्यो!" आप्पासाहेब कळवळून म्हणाले.

"म्हनूनच," त्या म्हणाल्या आणि फोन पुढं केला.

फोनमधून वाऱ्याच्या आवाजात ज्ञानेश्वरी बोलली. "आप्पासाहेब, गठान दाबलेली असती. वरनं भिजती, पोटात इस्तू जिता ऱ्हातो. आत्ता पानी बंद केलं तर घटकाभरात परत पेटंल, आन तवा नळांत पानी नसंल. गाडीवाल्यांना गठानी ओढून फोडू द्या. भिजलेला कापूस वाळवता येतो, साहेब."

 आप्पासाहेब भिंतीला टेकून खाली बसले.

गाडी आली. जवानांनी थप्पी पाडली, गठाणी आकड्यांनी ओढून बाहेर मैदानात आणल्या. वरून ओल्या चिंब झालेल्या एका गठाणीच्या पट्ट्या तोडल्या आणि ती उकलली, तर आतून लालबुंद निखारा श्वास घेतल्यासारखा फुलला आणि भक्कन जाळ झाला. तिथं उभी असलेली सगळी माणसं एक पाऊल मागं सरली. तशा आणखी काही निघाल्या. जिनिंगमध्ये सरकी काढतानाच कुठंतरी ठिणगी दाबली गेली असेल, असं जवानांचा प्रमुख म्हणाला. सगळ्या फोडून, विझवून झाल्यावर त्यानं स्वतः येऊन पाणी बंद करायला सांगितलं, तेव्हा मालनबाई दारातून बाजूला झाल्या. एका रांगेचा कोपरा गेला होता. बाकी गोदाम उभं होतं.

ज्ञानेश्वरी आली ती कुणाशी न बोलता आधी सगळीकडं फिरली. मग कामाला लागली. फुटलेली तोंडं काढून नवी बसवली. एवढं पाणी वाहिल्यावर गाळ आला असेल म्हणून झडप पुन्हा खोलली, पुसली. लोक घोळक्यानं बघत उभे होते. बाजारातून परतणारे टेम्पो थांबत होते. कुणी म्हणालं, "बाई, आता उद्या करा की, दमला असाल." तिनं मान वर केली नाही. "आज रात्री गोदाम उघडं ठेवू का?" एवढंच म्हणाली. नळ भरला, लांबच्या कोपऱ्यातून पाणी सोडलं, घंटा वाजली, थांबवली, मोठ्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. मग कुठं तिनं हात धुतले.

आप्पासाहेब पुढं आले.  "पोरी, तू आज..."

"मी कुठं हुते इथं?" ती म्हणाली. "मावशी हुत्या."

मालनबाई लाजल्या, पण मनातून सुखावल्या. त्यांनी तिचा दंड धरला आणि घरी नेलं. ओसरीवर घोंगडी टाकली, पिठलं-भाकरी वाढली. ज्ञानेश्वरीनं दोन घास खाल्ले. तिसरा घास मोडला आणि तो हातातच राहिला. मान भिंतीला टेकली आणि ती बसल्या बसल्या झोपली. नखांत ग्रीस, केसांत कापसाचे तंतू, कोट अजून ओला. मालनबाईंनी तिच्या हातातला घास हळूच काढून ताटात ठेवला, ताट सरकवलं आणि अंगावर आपलं लुगडं पांघरलं.

बाहेर माणसांचा आवाज आला. आळीतले लोक तिला बघायला, दोन शब्द बोलायला येत होते. कुणी फुलांचा हार आणला होता. मालनबाई उंबऱ्यावर आल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. लोक अंगणातच थांबले, कुजबुजत खाली बसले. सगळ्यांच्या मागून आप्पासाहेब आले. त्यांनी ओसरीकडं एकदा पाहिलं, पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता इतरांच्या ओळीत जाऊन बसले.